जिवाहून प्यारं ते सोडा

सोडण्याच्या बाबतीत आमच्या दाजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या श्रीगोंदा तालुक्यात झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. लोक काशीला जाऊन एखादी भाजी सोडतात नि मोकळे होतात. दाजींच्या मठाची रीत निराळी. दर गुरुपौर्णिमेला सगळ्यांत आवडतं ते सोडायचं आणि सोडलेलं मठात आणून ठेवायचं. पहिल्या वर्षी त्यांनी वांगं सोडलं, तर वाफ्यातली होती नव्हती ती वांगी पोत्यात भरून पोचवली. पुढच्या वर्षी चहा सोडला. साखरेच्या डब्यासकट किटली गेली. मग सायकल, मग रेडिओ. सोडलेलं घड्याळ महिन्याभरात मठाच्या कारभाऱ्याच्या मनगटावर दिसलं, तर दाजी मला कौतुकानं सांगतात, "पाव्हणं, अजून येळ बरोबर दावतंय बरं का." आता काय बोलणार, कप्पाळ!

मठाबाहेरच्या माणसाच्या घरचं पाणी चालत नसे. मी तेव्हा नागापूरच्या एका कारखान्यात होतो. दाजी माझ्याकडे आले की घरून आणलेला तांब्या घेऊन अंगणातच बसायचे. भावकीशी बोलणंही मठानं बंद करवलं होतं. मग अडल्यानडल्याला विचारणार कुणाला? मठाच्या महाराजांनाच.

दुष्काळाच्या साली गावातल्या विहिरी आटल्या, दाजींच्या मळ्यातल्या विहिरीला तेवढं पाणी राहिलं. गुरुपौर्णिमेच्या आधी कारभारी आला, मळाभर फिरला, विहिरीत खडा टाकून पाहिला आणि सांगून गेला की यंदा जिवाहून प्यारं असेल तेच आणायचं, अशी महाराजांची आज्ञा आहे. आक्काचा धीरच सुटला. दोन लेकरांचं पोट त्याच मळ्यावर होतं. तिचा निरोप आला तसा मी रजा टाकून गेलो नि दाजींशी कडाकडा भांडलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तीन दिवस न जेवता विचार करत बसले.

पौर्णिमेला मी बरोबर गेलो. कारभाऱ्यानं मळ्याचा कागद आधीच लिहून ठेवला होता. महाराजांनी काय आणलं म्हणून विचारलं. दाजी पाया पडले आणि शांतपणे म्हणाले, "लई इचार केला, महाराज. जिवाहून प्यारे तुमीच हाय. म्हनून तुमालाच सोडतो. सोडलेलं मठात ठिवायचं, तर तुमी हितंच हाय." एवढं बोलून ते उठले ते थेट घरी. आक्कानं गावभर पेढे वाटले.

पुढं काही वर्षांनी महाराज गेले. सगळा गाव मठाकडे लोटला, दाजी मात्र गेले नाहीत. मी भेटायला गेलो तर विहिरीजवळ एकटेच बसून रडत होते. त्यांना जरा हसवावं म्हणून मी म्हटलं, दाजी, त्या दिवशी डाव मात्र झकास टाकलात.

"डाव कसला, पाव्हणं?" ते म्हणाले. "मळा मी देनारच हुतो. पन देवाफुडं खोटं कसं बोलू? मळ्यावर कुठं तेवढा जीव हुता?"

ऐकून मला फार वाईट वाटलं. आम्ही सगळे मळा वाचला म्हणून पेढे खात होतो, तेव्हा हा माणूस घरात सुतक धरून बसला होता, आणि आमच्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.