मशीन सरकवलं म्हणून

इमारतीत सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत आणि कुणाला ताप आला की त्यांचंच दार वाजे. "अहो, मी औषधवाली डॉक्टर नाही," असं सांगून सांगून त्या थकल्या आणि शेवटी घरात तापाच्या गोळ्या आणून ठेवू लागल्या.

त्यांचं काम चाले मेडिकल कॉलेजच्या मागच्या अंगाला, एका लांबट खोलीत. सिझेरियनच्या वेळी बाईच्या परवानगीने गर्भाशयाच्या स्नायूचा नखाएवढा तुकडा मिळे. तो कोमट खारट पाण्यात दोऱ्याने टांगायचा, पाण्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे आणि बघत बसायचं. थोड्या वेळाने तो तुकडा आपला आपण आवळे, सैल पडे, पुन्हा आवळे. नव्या विद्यार्थिनी हे पहिल्यांदा बघताना काचेशी वाकून राहत.

एवढा ताकदीचा स्नायू नऊ महिने शांत कसा राहतो, हे त्यांना शोधायचं होतं. बरंचसं हाती आलं होतं. गरोदरपणात एक संप्रेरक या पेशींना निजवून ठेवतं. शेजारच्या पेशीला निरोप द्यायच्या वाटाही तेव्हा थोड्याच असतात, त्यामुळे एखादी पेशी आवळली तरी बाकीच्यांना पत्ता लागत नाही. दिवस भरत आले की या वाटा भराभर वाढतात, कळा आणणाऱ्या संप्रेरकाची हाक पेशींना जास्त ऐकू येते आणि सगळा स्नायू एकदम आवळतो. कधी हे फार लवकर होतं. जंतुसंसर्गाने होतं, आणखी कशाने होतं. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

हा विषय त्यांनी उगाच धरला नव्हता. त्या लहान असताना आईला सातव्या महिन्यात कळा आल्या. मुलगा झाला आणि संध्याकाळपर्यंत गेला. आई घरी कपडे शिवायची. त्या सकाळी उजेड हवा म्हणून तिने मशीन खिडकीशी सरकवलं होतं. आजी म्हणाली, "मशीन ढकलायची काय घाई होती?" पुन्हा तिने तो विषय काढला नाही, पण आईच्या मनात ते रुतून बसलं. वडील काहीच बोलले नाहीत. त्यांच्या गप्प राहण्याचाही आईने तोच अर्थ लावला.

पुढे लेक या कामात शिरली तेव्हा आई अधूनमधून विचारायची, भाजी निवडता निवडता, वर न बघता, "कळलं का गं, कशानं होतं ते?"

"अजून नक्की नाही, आई."

प्रयोगशाळेत हे उत्तर बरोबरच होतं. घरीही त्या तेच देत राहिल्या. आई खरं काय विचारतेय हे त्यांना कळत होतं. पण सगळं नीट सापडलं की एकदाच सांगू, असं त्या मनाशी म्हणत. मधल्या काळात वडील गेले. मग आईने विचारणं सोडलं.

एका दुपारी वॉर्डात, दिवस भरण्याआधीच बाळंत झालेल्या एका मुलीने त्यांचा हात धरला. "मी जिना चढले म्हणून झालं का हो?"

"नाही गं बाळा," त्या पटकन म्हणाल्या. आणि आपण हे किती सहज म्हटलं, या विचाराने तिथेच थबकल्या.

त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या. आई बाल्कनीत बसली होती.

"आई, तू मशीन सरकवलंस म्हणून काही झालं नव्हतं. एकदा जड काही ढकललं म्हणून असं होतं, असं आम्हाला कधीच दिसलं नाही."

आईने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "हे तुला कधी कळलं?"

"झाली बरीच वर्षं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"नक्की माहीत नव्हतं."

"मला तरी कुठे नक्की माहीत होतं?" आई म्हणाली. "तरी मी मानलंच ना."

त्या आईजवळ बसून राहिल्या. आईने त्यांना नंतर कधी बोल लावला नाही. उलट तिला झोप जरा बरी लागू लागली. एकदाच, केस विंचरून घेताना ती म्हणाली, "ह्यांना तरी सांगायला हवं होतंस."

वडिलांनी मनातून मशीनला दोष दिला होता की नाही, हे आता दोघींनाही कळण्यासारखं नव्हतं.