कापड आटलं

फ्रीगंज बाजारातला आमचा टेलर नेहमी थकलेलाच दिसायचा. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत लोक रेडीमेड घेऊ लागले होते आणि त्याच्याकडे शाळेचे गणवेशच तेवढे उरले होते. माप घेताना तो आकडा तोंडातल्या तोंडात म्हणायचा, मग उसासा टाकायचा.

त्या जुलैत मी तेरा वर्षांच्या लेकीला त्याच्याकडे नेलं. शर्ट छातीवर ताणला जातो म्हणून ती आठवडाभर शाळेत जात नव्हती, आणि बँकेतून दमून आले की मी तिच्यावर ओरडत होते. दुकानात ती जुन्या शर्टाची पिशवी छातीशी धरून, वाकून उभी राहिली.

त्यानं एकदाच तिच्याकडे पाहिलं. मग टेप माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"आप ही नाप लो, बहनजी. मैं लिखता हूँ."

आकडे लिहून झाल्यावर तो तिला म्हणाला, "बिटिया, कपड़ा सिकुड़ गया है. माल ही खराब था."

तिनं पिशवी हळूच खाली ठेवली.

शर्टाचं ते टेरिकॉटचं कापड कधी आटत नाही, हे मला ठाऊक होतं. पण इतकं साधं खोटं मला आठवडाभरात सुचलं नव्हतं.