देवरे मॅडमची तपासणी

देवरे मॅडम कुणालाही आधी नमस्कार करत नसत. समोरची बाई स्काउट-गाईडच्या गणवेशात असली, की त्यांची नजर पहिल्यांदा तिच्या डाव्या बाहीवर जायची, मग उजव्या बाहीवर, मग दोन्ही खांद्यांवर. तोवर समोरचीने जोडलेले हात तसेच ताटकळत राहायचे. सगळे बॅज जागच्या जागी आहेत अशी खात्री पटली की मॅडमचा चेहरा सैल व्हायचा आणि खणखणीत आवाज यायचा, "आते नमस्कार!" त्यांचं हे 'आते' म्हणजे अहिराणीतलं 'आता'. मॅडम मूळच्या शिरपूरकडच्या. सगळी नोकरी सिल्वासाच्या मराठी शाळेत झाली. वर्गात शुद्ध बोलायच्या, पण रागावल्या किंवा खूश झाल्या की थेट माहेरी पोचायच्या.

माझी नि त्यांची पहिली भेट काही खुशीची नव्हती. नवऱ्याची बदली नाशिकहून दादऱ्याच्या प्लास्टिक कारखान्यात झाली आणि मला इथल्या शाळेत नोकरी लागली. शाळेत नव्याने आलेल्या बाईच्या गळ्यात जी कामं पडतात, त्यांत गाईड कॅप्टनपद पहिलं. गणवेशाची साडी मिळाली, बॅज मिळाले, आणि मी ते माझ्या सौंदर्यदृष्टीला स्मरून ब्लाऊजवर शिवले. जागतिक बॅज तर छातीशी, छान उठून दिसेल असा. तशीच प्रशिक्षणाला गेले. प्रशिक्षण द्यायला देवरे मॅडम. वर्ग भरलेला.

"ए नाशिक," त्या म्हणाल्या, "हाऊ बॅज इथं काय करी ऱ्हायना? फिराले उना का?"

बॅज हिंडायला आलाय का, असं त्या विचारत होत्या, हे शेजारणीने सांगेपर्यंत अख्खा वर्ग हसून मोकळा झाला होता. मॅडमनी पर्समधून छोटी कात्री काढली, जिना चढून मला वरच्या स्टाफरूममध्ये नेलं आणि सुई-दोरा हातात ठेवला. डाव्या बाहीवर सभासदाचा बॅज, उजव्या बाहीवर जागतिक बॅज, खांद्याच्या शिवणीखाली दोन्हीकडे शाळेच्या नावाची पट्टी. मी शिवत होते आणि मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत होते. बोटभर इकडे की तिकडे, काय आभाळ कोसळणार आहे?

माझ्या तोंडावरचं त्यांनी वाचलं असावं. म्हणाल्या, "बॅज काय आपल्या शोभेसाठी असतो का गं? गर्दीत एखादी पोर चुकली ना, तर तिला लांबून दिसलं पाहिजे, की ही बाई आपली आहे. ती कुठे शोधणार? आपण शिकवलं तिथेच ना?"

हे मला तेव्हा भाषण वाटलं. मग एकदा पाच-सहा शाळांच्या मुलींना घेऊन आम्ही दादऱ्याच्या वनगंगा बागेत गेलो होतो. सुट्टीचा दिवस, तळ्याभोवती मुंगीला वाट मिळू नये अशी गर्दी. त्या गर्दीतून एक चिमुरडी माझ्याकडे आली. रडत नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांच्या तोंडाकडे न बघता ती दंडांकडे बघत होती. माझ्यापाशी थांबली, बाहीवरच्या बॅजवर बोट ठेवलं आणि मग माझा हात घट्ट धरला. दुसऱ्याच शाळेची होती, मला ओळखत नव्हती. तिच्या बाईंना शोधून तिला सोपवेपर्यंत तिने हात सोडला नाही. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन दुसऱ्या ब्लाऊजवरचे बॅज उसवले आणि नीट मोजून पुन्हा शिवले. मनातला उद्धारही बंद झाला.

पण मॅडमची खरी परीक्षा झाली ती पदरावरून.

गाईड कॅप्टनच्या साडीला पदर असतो आणि पदराला बॅजचं वावडं. आपण मराठी बायका पदर डाव्या खांद्यावरून मागे सोडतो, तो जरा ढिला पडला की डाव्या बाहीवर पसरतो. गुजराती बायकांचा पदर मागून उजव्या खांद्यावर येऊन पुढे पडतो, तो उजवी बाही गिळतो. सिल्वासात दोन्ही प्रकारच्या बायका एका रांगेत उभ्या राहतात. त्यामुळे वर्षानुवर्षं असा प्रघात पडला होता, की गणवेशात सगळ्यांनी पदर डावीकडेच घ्यायचा. रांग एकसारखी दिसते.

राखोलीच्या शाळेत जशोदाबेन नव्याने कॅप्टन झाल्या होत्या. त्यांच्या तुकडीतल्या मुली म्हणजे कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांच्या लेकी. त्यांतल्या एकीनेही शिबिर पाहिलं नव्हतं. खानवेलजवळ शिबिर ठरलं, मुलींनी गाणी बसवली, आणि आठवड्यावर आलेलं असताना जशोदाबेन मॅडमसमोर येऊन उभ्या राहिल्या. डोळे भरलेले.

"मॅडम, माझ्याने नाय होणार. आमच्यात सीधा पालव लागते. बा बोलली, कॅम्पमां जा, पण पालव नाय फेरवायचा. बीजी कोणी कॅप्टन जुओ."

सीधा पालव म्हणजे उजव्या खांद्यावरचा पदर, आणि बा म्हणजे त्यांच्या सासूबाई. आणि दुसरी कॅप्टन कुठून आणणार? बाई सोबत नसेल तर मुलींना शिबिरात घेत नाहीत. जशोदाबेन घरी राहिल्या तर राखोलीच्या सगळ्याच मुली घरी राहणार होत्या. मी मॅडमकडे बघितलं. बोटभर सरकलेल्या बॅजसाठी मला उसवायला लावणारी ही बाई. ती काय ऐकणार, असं मला वाटलं.

मॅडम म्हणाल्या, "चल नाशिक, राखोलीला जाऊ." निघाल्या त्या पूर्ण गणवेशात.

जशोदाबेनच्या घरी बा ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. सुनेला पळवायला आलेल्या बायकांकडे जसं बघावं तसं त्यांनी आमच्याकडे बघितलं. मॅडम समजावतील, विनवतील, म्हणून मी तयारीत होते. त्यांनी तसलं काहीच केलं नाही. बांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या, खांद्यावरची पिन काढली, पदर मोकळा करून हातात धरला आणि म्हणाल्या, "बा, मला तुमच्यासारखा पदर घेता येत नाही. शिकवा ना."

बा थक्क झाल्या. मग उठल्या. "एम नहीं, आम," तसं नव्हे, असं, म्हणत त्यांनी मॅडमना लहान पोरीसारखं गोल फिरवलं, पदर उजव्या खांद्यावर आणला, टोक डाव्या कमरेला खोचलं. उजवी बाही पार झाकली गेली. मॅडमनी बाहीवरचा बॅज पदराखालून उघडून त्यांना दाखवला, चुकलेली मुलगी तो कसा शोधते ते सांगितलं, आणि विचारलं, "आता हा बिचारा कुठून बघणार?" बांनी जरा विचार केला. मग स्वतःच्याच हाताने पदराच्या बारीक निऱ्या घातल्या, त्या मानेजवळ आणल्या आणि पिन मारली. बाही मोकळी झाली. पदर सीधा तो सीधाच. मॅडमनी आपल्या दोन्ही बाह्यांवर नजर टाकली आणि बांना हात जोडले. "आते नमस्कार, बा!"

शिबिराच्या सकाळी तपासणीला बाहेरून एक बाई आल्या होत्या. कडक इस्त्री, कडक चेहरा. आमची रांग उभी राहिली आणि त्या रांगेत दोघींचा पदर उजवीकडे होता. एक जशोदाबेन, आणि त्यांच्या शेजारी देवरे मॅडम. जशोदाबेन एकट्या पडू नयेत म्हणून, बांकडून शिकलेला पदर घेऊन, सगळ्यांच्या देखत.

"ये क्या है?" तपासनीस बाई जशोदाबेनपाशी थांबल्या. "पल्लू इस तरफ़ क्यों?" मागे राखोलीच्या मुली उभ्या होत्या.

मॅडम पुढे झाल्या. "मॅडम, इनका कौनसा बॅज आपको नहीं दिख रहा?"

तपासनीस बाईंनी डावी बाही पाहिली. उजवी पाहिली. खांदे पाहिले. पुन्हा उजवी पाहिली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बॅज की जगह तय है, वो हमने रखी है. पल्लू किस घर का है, वो बॅज को नहीं पूछना चाहिए."

तपासनीस बाई एक पाऊल सरकून माझ्यापुढे आल्या. माझा पदर नियमाप्रमाणे डावीकडे होता, आणि काळजीने त्याच्याशी चाळा करताना त्याची पिन केव्हाच सुटली होती. डावी बाही पार झाकलेली.

"इनका ठीक है," जशोदाबेनकडे हात करत त्या म्हणाल्या. "आपका नहीं."

राखोलीच्या मुलींनी रांग मोडून टाळ्या वाजवल्या. मॅडम मात्र माझ्याकडे असं बघत होत्या, की पिन मारताना माझं बोट टोचलं. तरीही सांगते, आयुष्यात इतक्या अभिमानाने मी कधी रागावून घेतलेलं नाही. देवरे मॅडमच्या रांगेत मी उभी होते, एवढं मला पुरेसं होतं.

यंदा मॅडम निवृत्त झाल्या. मुलगा गाडी घेऊन न्यायला आला, शिरपूरला. आम्ही सगळ्या कॅप्टन शाळेच्या फाटकाशी गणवेशात उभ्या होतो, निम्म्यांचा पदर डावीकडे, निम्म्यांचा उजवीकडे. मॅडम घरच्या साध्या साडीत आल्या. गणवेश का नाही, म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "आता मी कामावर नाही. चुकलेल्या पोरीने माझ्याकडे यायचं नाही, तुमच्याकडे यायचं." मग सवयीने रांगेच्या एका टोकापासून तपासणी सुरू केली. डावी बाही, उजवी बाही, खांदे. प्रत्येकीला "आते नमस्कार." माझ्यापाशी जरा जास्तच वेळ थांबल्या, पण पिन पक्की होती.

शेवटी जशोदाबेन होत्या. गेल्या वर्षापासून नव्या कॅप्टनना त्याच शिकवतात. मॅडमचं बघून झालं, तरी जशोदाबेननी हात जोडले नाहीत. मॅडम बघत राहिल्या. जशोदाबेननी आपली नजर सावकाश मॅडमच्या डाव्या बाहीवर नेली, मग उजव्या बाहीवर, मग दोन्ही खांद्यांवर. त्या रिकाम्या बाह्या त्यांनी अगदी नीट, मन लावून तपासल्या.

"सगळं बराबर छे, मॅडम," त्या म्हणाल्या. आणि मग हात जोडले. "आते नमस्कार."