मामांची गाडी आणि भिंतीतलं भोक

माझ्या नवऱ्याच्या मामांइतकी कसून चौकशी करून वस्तू घेणारा माणूस आमच्या साऱ्या मिसिसागा शहरात दुसरा नसेल, आणि मिसिसागातल्या दुकानदारांच्या दृष्टीनं ते बरंच आहे. टोस्टर घ्यायला मामा घरून पाव घेऊन गेले होते. "प्लीज प्लग इट इन, वी विल टेस्ट टुगेदर," असं त्यांनी इतक्या आर्जवानं सांगितलं, की दुकानातल्या मुलीनं आपल्या डब्यातलं लोणी काढून दिलं. विंटर टायर घ्यायचे तर पार्किंग लॉटमध्ये उकिडवे बसून अनोळखी गाड्यांच्या टायरांच्या खाचांची खोली टूथपिकनं मोजायचे. एकदा सिक्युरिटीवाला हटकायला आला आणि स्वतःच्या गाडीचेही टायर मोजून घेऊन गेला. मूळचे नागपूरचे, जन्मभर इंजिनिअर. "घाई कायले करता बापा?" हे त्यांचं सगळ्या प्रश्नांना उत्तर.

अशा माणसानं मोटरहोम मात्र एका दुपारीत घेतलं. ऑपरेशननंतर मामींचा लघवीवरचा ताबा सुटला होता. सकाळी उठल्याबरोबर चादर धुवायला टाकणं हे त्यांचं पहिलं काम. त्यांनी लोकांकडे जाणं बंद केलं, हॉटेलात राहणं तर नाहीच. एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "पूर्वेकडचा समुद्र बघायचा राहिलाच." दुसऱ्या दिवशी घरासमोरच्या ड्राइव्हवेत गाडी उभी! जुनी, पण आत पलंग, शेगडी, वॉशरूम सगळं. फक्त कपडे धुऊन वाळवायचं मशीन बसवायचं बाकी होतं.

तिथे मामा अडकले. एक मशीन व्हेंटेड: गाडीच्या भिंतीला भोक पाडायचं, दमट हवा बाहेर जाते, कपडे तासाभरात खडखडीत. दुसरं व्हेंटलेस: भोक नको, वाफेचं पाणी होऊन निचऱ्यात जातं, पण तीन-चार तास लागतात आणि कपडे जरा दमटच राहतात. आमच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, व्हेंटलेस आहे, म्हणून मामा ओले टॉवेल पिशवीत घालून बसनं आमच्याकडे यायचे. माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर टॉवेल तोलायचे, मशीनसमोर खुर्ची टाकून बसायचे, परत तोलायचे. माझी लेक विचारायची, "मॉम, इज ही ओके?" त्यात अख्खा उन्हाळा गेला, बर्फ आलं. ड्राइव्हवे शोव्हल करताना मामा गाडीच्या टपावरचंही बर्फ काढायचे, आणि गाडी जागची हलायची नाही.

शेवटी एकदा त्यांच्या घरी मीच चिडले. "मामा, कुठलंही घ्या ना!"

"भोक पडलं की वाफ बाहेर दिसते, पोरी," मामा हळूच म्हणाले. "कॅम्पग्राउंडवर शेजारी खुर्च्या टाकून बसलेले असतात. यांच्याकडे रोज सकाळी काय धुतात, असं कोणी हिला विचारलं तर?"

मामी दारातच उभ्या होत्या. आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"वर्षभर हे मोजत होतात होय?" त्या म्हणाल्या. "दिसू दे वाफ. मला कोरडी चादर पाहिजे. पाडा भोक."

मामांनी भोक पाडलं. पेन्सिलीनं गोल आखून करवत लावली. मामींनी टॉर्च धरला होता.

जूनमध्ये ते निघाले. पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशियाहून मामींचा फोन आला, तेव्हा त्यांना आधी हसूच आवरेना. तिसऱ्या सकाळी वाफ बघून शेजारच्या गाडीतली एक गोरी म्हातारी खरंच आली होती. मामींनी मान वर करून सांगून टाकलं, "आय हॅव अ प्रॉब्लेम. एव्हरी डे आय वॉश." म्हातारी तडक वळली. आपल्या गाडीत गेली आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली स्वतःची चादर घेऊन आली. "मी टू," म्हणाली. आता रोज सकाळी दोघींच्या चादरी एकत्र धुतल्या जातात, आणि तोवर दोघी किनाऱ्यावर बसतात.

मग मामींनी फोन मामांकडे दिला. मी म्हटलं, "बघा, व्हेंटेडच बरं निघालं ना?" मला वाटलं, आता टॉवेलांची वजनं ऐकावी लागणार.

"मागचा उन्हाळाही तिला मिळाला असता गं," मामा म्हणाले. "मी मोजत बसलो."

तेवढ्यात पलीकडून मामींनी हाक मारली, "अहो, या ना, पाणी मस्त गार आहे!" आणि मामा फोन बंद न करताच गेले.