वन्संचे मखमली पडदे

मुलगी दाखवायची असली की आधी घर झाकायचं, ही पद्धत कोणी सुरू केली ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. विचारलं की उत्तर एकच मिळतं, "असतंयच की असं." असतं म्हणजे काय? कोणीतरी करतं म्हणून असतं. आमच्या नात्यात ते माझी थोरली नणंद करते.

वन्सं शिवाजी पेठेत राहतात. त्यांच्याकडे एक सेट आहे. भांड्यांचा नव्हे, पडद्यांचा. गडद मरून मखमलीचे पडदे, ते बांधायला सोनेरी गोंड्यांच्या दोऱ्या, त्याच मखमलीचं दिवाणाचं कव्हर, लोड, आणि जरीचे मोर भरलेल्या उशा. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा त्यांनी हा सगळा सरंजाम शिवून घेतला आणि पहिल्याच बघण्यात लग्न जमलं. मुलगी हुशार आहे, तिच्यामुळे जमलं असेल. श्रेय मात्र गेलं पडद्यांना. तेव्हापासून सेट शुभ ठरला. नात्यात कुठेही मुलगी बघायला पाहुणे येणार असले की आदल्या दिवशी वन्संचं गाठोडं त्या घरी हजर. घरचे पडदे उतरवायचे, मखमल चढवायची, पाहुणे गेले की ती उतरवून पुढच्या घरी धाडायची. नको म्हणायची सोय नाही. नको म्हटलं आणि लग्न लांबलं, तर ते खापर जन्मभर आपल्याच डोक्यावर.

आमचं घर कळंब्याला. फ्लॅट ताब्यात आला तेव्हा मी खोलीवार याद्या केल्या होत्या. याद्या करणं ही माझी सवय आहे. घरातले हसतात आणि काही सापडेनासं झालं की मलाच हाक मारतात. पडदे खिडकीसाठी असतात, पाहुण्यांसाठी नसतात, एवढं एक सूत्र धरून मी चालले. पश्चिमेच्या खोलीत दुपारचं ऊन थेट पलंगावर येतं, म्हणून तिथे अस्तर लावलेले. स्वयंपाकघरात गॅसच्या बाजूला पडदा नकोच, दुसऱ्या खिडकीला फक्त अर्धा. हॉलसाठी इचलकरंजीहून चौकड्यांचं सुती कापड आणलं. ते आधी भिजवून, वाळवून, मग शिवायला टाकलं. नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि पडदा आखूड झालेल्या पायजम्यासारखा लोंबतो. उशांच्या अभ्र्यांना चेन लावली नाही, पाकिटासारखी दुमड ठेवली, कारण चेन आधी तुटते आणि अभ्रा नंतर फाटतो. हे मी मिरवायला सांगत नाही. विचार करून केलेलं एवढं सगळं एका संध्याकाळी उतरवून पलंगाखाली कोंबलं गेलं, म्हणून सांगते.

स्थळ जयसिंगपूरचं होतं. घरची शेती, बाजारात दुकान, मुलगा शिकलेला. मध्यस्थांनी दोघांची गाठ घालून दिली होती आणि त्यानंतर फोनवर बोलणं सुरू होतं. आमची लेक नोकरी करते, स्पष्ट बोलते, आणि याआधी आलेल्या स्थळांना तिने चहाचा कप खाली ठेवायच्या आत नापास केलं होतं. या वेळी मात्र ती स्वयंपाकघरात माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला हे जमायला हवंय." आमच्या घरात असं कोणी सहसा बोलत नाही. त्यामुळे पाहुणे येतो म्हणाले तेव्हा मला खरोखरच काळजी होती ती एवढ्याच गोष्टीची. बाकी घर तयार होतं.

आदल्या दिवशी वन्सं रिक्षातून उतरल्या. गाठोडं रिक्षावाल्याच्या डोक्यावर.

"हे कशाला आणलंत वन्सं?" मी दारातच विचारलं. "पडदे आहेत की आमच्याकडे."

"पडदं?" त्यांनी हॉलमध्ये येऊन माझ्या चौकड्यांना हात लावून बघितला. "ह्येला पडदं म्हणत्यात व्हय गं? मला वाटलं टॉवेल वाळत घातल्यात."

माझा नवरा हसला. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा थांबला.

"आन् ह्ये बघ," वन्संनी खिडकीकडे बोट केलं. "सरळ जेल दिसतंय. पावणं दिवाणावर बसणार, समोर जेल. कळंब्याला ऱ्हातो म्हटलं की आधीच लोक इचारत्यात, किती वर्साची झाली? त्यात तू खिडकीत दाखवून ठेवलंयस."

आमच्या खिडकीतून तळ्याकडचा वारा येतो आणि लांब झाडांच्या मागे जेलच्या भिंतीचा तुकडा दिसतो, हे खरं आहे. हा विनोद आम्ही इथे राहायला आल्यापासून ऐकतो आहोत. पण भिंत काय आम्ही बांधली? आणि जयसिंगपूरच्या माणसांना कळंब्याला जेल आहे हे माहीत नसेल, ते आमच्या खिडकीतूनच कळेल, असं वन्संना कसं वाटलं? मी हे सगळं बोलणार होते. तेवढ्यात लेकीने माझा दंड धरला. "एक दिवस, आई. लावू दे त्यांना. भांडण नको." मुलीसाठी म्हणून मी गप्प बसले, आणि वन्संनी माझ्याच स्टुलावर चढून माझे पडदे उतरवले.

मखमल लागली आणि नवीच अडचण उभी राहिली. पेठेतल्या घराच्या खिडक्या बुटक्या, आमची खिडकी उंच. पडदा वीतभर आधीच संपला आणि नेमकी भिंत खालून दिसायला लागली. शहाण्या माणसाने इथे हात टेकले असते. वन्संनी दांडी खाली सरकवायला लावली. मग वरून आभाळ दिसायला लागलं, ते त्यांना चाललं. वारा येऊन पडदा हलू नये म्हणून खिडकीची दारं लावून कडी घातली आणि मखमलीच्या कडा सेफ्टी पिनांनी एकमेकींना टाचून टाकल्या. माझ्या हॉलचं नाटकाच्या तंबूसारखं काहीतरी झालं. दिवाळीच्या आधीचा उकाडा होता. आत पाऊल टाकलं की नव्या चपलांच्या दुकानात शिरल्यासारखा कोंदट वास येई.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, त्याची आत्या आणि मध्यस्थ. मोरांच्या उशांना टेकायचं की नाही हे कोणाला समजेना, म्हणून सगळे दिवाणाच्या कडेवर बसले. लेक पोहे घेऊन आली. मुलाने तिच्याकडे बघितलं, तिने त्याच्याकडे, आणि मला जरा बरं वाटलं. पण तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. मखमलीआड आम्ही सगळे भाकरीसारखे शेकायला लागलो. मुलाचे वडील टोपीने वारा घेऊ लागले. मी खिडकी उघडायला उठले, तर वन्संनी डोळे वटारले. "बसा वो पावणं, आत्ता येतीया लाईट." जसं काही वीजमंडळ त्यांच्या माहेरचं.

आत्याबाई बराच वेळ मांडीवरच्या उशीकडे बघत होत्या. मोरावरून बोट फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "ह्यो मोर मी कुटंतरी बघितलाय."

"बाजारात मिळतोय की सगळीकडं," वन्सं घाईने म्हणाल्या.

"न्हाय न्हाय. ह्येचा एक डोळा उसवलाय. असाच उसवलेला हुता." आत्याबाईंनी भावजयीला कोपराने ढोसलं. "अगं, मिरजेला न्हाय का आपण गेलतो? पोरगी बघायला? तिथंबी ह्योच मोर, ह्योच पडदा. मी म्हटलं न्हवतं का तुला, पडदा लई भारी हाय, पोरगी बोलतच न्हाय म्हणून?"

मिरजेला वन्संची चुलतजाऊ राहते. तिच्या मुलीसाठीही हा सेट गेला होता. त्या वेळी नकार आला होता, आणि तो कोणाकडून आला हे नात्यात कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. आता सगळ्यांना एकदमच कळलं. मध्यस्थ पोह्यांतले शेंगदाणे वेचायला लागले. माझ्या लेकीचे कान लाल झाले. ती ट्रे छातीशी धरून उभी होती, आणि मला दिसत होतं की ती रडणार नाही, पण आत जाणार आणि परत बाहेर येणार नाही.

मुलाची आई आतापर्यंत फारसं बोलली नव्हती. तिने पदराने गळा पुसला, सगळ्या हॉलवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, "मग वैनी, तुमचं काय हाय ह्यातलं?"

आवाजात कुत्सितपणा नव्हता. सरळ प्रश्न होता. म्हणूनच तो जास्त झोंबला. माझ्या घरात, मी पुसलेल्या फरशीवर पाय ठेवून, परक्या बाईने मला विचारावं की यातलं तुमचं काय. आणि मला उत्तर शोधावं लागावं! राग तिचा नव्हता. तिच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं. ज्या घरात उशी उसनी आहे तिथे मुलीचं शिक्षण तरी खरं कशावरून? एवढं साधं शुभ-अशुभवाल्यांच्या डोक्यात कधी येत नाही.

"मुलगी आमची आहे," मी म्हटलं. "पोहे आमचे आहेत. उकाडाही आमचाच, कारण खिडकी आम्ही बंद केली आहे. बाकी सगळं माझ्या नणंदेचं."

"अगं ए!" वन्सं ओरडल्या.

"थांबा वन्सं." मी स्टूल घेतलं नाही, कात्री घेतली नाही, सेफ्टी पिना उपसून दिवाणावर टाकल्या आणि पडदा ओढला. दांडी आधीच ढिली होती, ती एका बाजूने खाली आली. खिडकी उघडली. वारा आत आला. समोर तळ्याकडची झाडं आणि त्यामागे भिंत.

"आगं बाई, ह्ये जेल व्हय?" आत्याबाई उठून बघायला आल्या.

"व्हय," माझा नवरा त्या दिवशी पहिल्यांदा कामाचं बोलला. "पण लांब हाय. आमचं दार इकडच्या बाजूला."

मुलाचे वडील टोपी घालत हसले. "मग चोरांची भीती न्हाय म्हणा की." मुलगाही हसला. लेक मात्र हसली नाही. पाहुणे चहा घेऊन, 'कळवतो' म्हणून निघून गेले. कळवतो म्हणजे बहुतेक काय असतं ते मुलींच्या आयांना ठाऊक असतं.

जिन्यातून त्यांचे आवाज खाली जाईपर्यंत वन्सं थांबल्या, मग सुरू झाल्या. मी सेट बाटवला, शुभाचं अशुभ केलं, तोंडाला लगाम नाही. मी त्यांना एकच विचारलं, "मिरजेला नकार आला तेव्हा सेटचं शुभ कुठं गेलं होतं?" त्या म्हणाल्या, तिथे पोरीनेच तोंड उघडलं नाही. म्हणजे जमलं की पडदे, मोडलं की पोरगी! हा हिशोब ऐकून माझ्या अंगाची जी आग झाली ती लिहितानाही होते आहे. मिरजेची ती बिचारी मुलगी त्या मखमलीत घामाघूम होऊन बसली असेल, शब्द फुटला नसेल, आणि नात्यातल्या बायका आजही तिलाच घुमी म्हणतात.

लेक माझ्याशी बोलत नव्हती. मी माझे पडदे पलंगाखालून काढले, झटकले, लावले. तिने मदत केली नाही आणि मीही हाक मारली नाही.

मध्यस्थांचा फोन आला तेव्हा वन्सं नेमक्या गाठोडं न्यायला आल्या होत्या. "त्यांचा होकार हाय. तुमचं काय?" मी लेकीकडे बघायच्या आत वन्संनी फोन हिसकावून घेतला. "आमचा कवाचाच हाय! मी म्हटलंच हुतं, आमचा सेट..." मी फोन परत घेतला आणि लेकीच्या हातात दिला. तिने मध्यस्थांना सांगितलं, मला मुलाच्या आईशी बोलायचं आहे. थोड्या वेळाने तसा फोन जोडला गेला.

"काकू, आम्हाला तुमचं घर बघायला यायचंय," ती म्हणाली. "पण तुम्ही काही आवरू नका. नेहमी असतं तसंच."

पलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं. "या की. पण सुगी चालू हाय बाई. सोप्यात शेंगा वाळत घातल्यात. बसायला जागा न्हाय."

"असू देत."

आम्ही गेलो. त्यांनी खरंच काही आवरलं नव्हतं. भिंतीच्या कडेने चालण्यापुरती वाट केली होती. सगळ्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, भुईमुगाच्या शेंगा, मातीचा वास, आणि ऊन थेट येऊ नये म्हणून खिडकीला एक जुनी सोलापुरी चादर खिळ्यांना अडकवलेली. तिला मध्ये भोक होतं आणि त्यातून उन्हाची एक तिरीप शेंगांवर पडली होती. वन्संनी नाकाला पदर लावला. मी शेंगांच्या कडेला चटईवर बसले. लेक माझ्या पुढे जाऊन मुलाच्या आईशेजारी बसली, न सांगता एक ढीग पुढे ओढला आणि फोडायला लागली. मुलगा आतून पाणी घेऊन आला आणि तिला शेंगा फोडताना बघून तांब्या हातात धरूनच उभा राहिला.

"काय गं," त्याच्या आईने विचारलं, "ऱ्हाशील हितं?"

"राहीन," ती म्हणाली. "नोकरी सोडणार नाही. आणि ती चादर मी काढणार."

"काढ की." मुलाच्या आईने टरफलं सुपात झटकली. "पण धुऊन घडी घालून ठीव. पुढच्या सुगीला लागती."