कायद्याला घाबरणारे साहेब

या देशात कायद्याला खरोखर घाबरणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो स्वतः सरकारी साहेब होता. दवाखाने तपासत फिरणे ही त्यांची नोकरी. शहाद्याहून एस.टी.ने ते आमच्या तापीकाठच्या गावी येत.

त्यांच्याआधीचे दिवस सांगितल्याशिवाय साहेब कळणार नाहीत. आम्ही महारवाड्यातली माणसे. दवाखाना आम्हालाही होता, पण दाराबाहेरचा. कंपाउंडर वरून औषध ओतायचा, आम्ही खालून बाटली धरायची. अर्धे बाटलीत, अर्धे मनगटावर. डॉक्टर लांबूनच जीभ बघायचे. माझी काकू बाळंतपणात त्या बाहेरच्या ओट्यावरच गेली. तेव्हापासून आमच्याकडे बाईला दिवस गेले की आनंदाआधी भीती घरात शिरायची. अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला, दवाखान्यात कोणाला अडवणे गुन्हा ठरले, हे मी धुळ्याला कॉलेजात असताना वाचले. गावात त्याची कोणाला खबरही नव्हती.

साहेबांना मात्र तो पाठ होता, कारण त्यांना त्याची भीती वाटे. तशी भीती त्यांना सगळ्याचीच. बैल शिंग हलवील म्हणून गाडीला वळसा घालून शेतातून जात, आणि शेतात सापाच्या धास्तीने उड्या मारत चालत. पाल अंगावर पडेल म्हणून दवाखान्यात छत्री उघडून बसत. एस.टी.त सीट रिकामी असली तरी दाराचा दांडा धरून उभे. ब्रेक लागला नाही तर उडी मारायला बरे! कुत्र्यांसाठी त्यांना मी लागे. सुट्टीत मी गावी असलो की स्टँडवरूनच हाक येई, "अहो कॉलेजवाले, तुम्ही पुढे चला. तुम्हाला ती ओळखतात." गावाला आमची सावली चालत नसे, हे साहेब माझ्या सावलीतून चालत. मला त्याचा केवढा अभिमान! जवळची वाट सोडून मी त्यांना भर पेठेतून नेई.

एका सुट्टीत माझ्या थोरल्या बहिणीचे दिवस भरले. दाई बाहेर आली ती मान हलवतच. "बाळ आडं शे. मन्हा हातनं काम नही आते." बहिणीला बैलगाडीत घातले. वाटभर आई काकूचे नाव न घेता रडत होती. दवाखाना आला, आणि बापाने सवयीने गाडी ओट्यालाच लावली. मी म्हटले, आत नेऊ. तो म्हणाला, "आमनी जागा आठेच शे."

साहेब त्या दिवशी तपासणीला आले होते. ते पांढरेफटक होऊन धावत आले. "आत घ्या तिला! आत!"

डॉक्टर म्हणाले, "साहेब, आत पाटलांची सून आहे. पाटील मला गावात राहू देणार नाहीत."

"पाटलांना मीही भितो हो!" साहेब म्हणाले. "पण पाटील फार तर मारतील. कायदा कोर्टात उभा करील. तुम्हाला, आणि बघत राहिलो म्हणून मलाही. मला वकिलांची फार भीती वाटते!"

डॉक्टर हलले. आम्ही बहिणीला उचलून आत नेले, तोच पाटील येऊन दारात गरजले, "साहेब, तू गावमाईन कसा जास ते देखस मी!"

साहेब मटकन खाली बसले, ते नेमके उंबऱ्यावर. दोन्ही हातांनी चौकट धरली. "बाहेर तुम्ही, तुमच्यामागे कुत्री. मी इथून हलतच नाही!" त्यांना ओलांडल्याशिवाय आत जाता येईना, आणि सरकारी माणसाला ओलांडायचा पाटलांनाही धीर होईना. आतून बहिणीचा आवाज येई, मध्येच बंद पडे. बंद पडला की बापाची बोटे माझ्या दंडात रुतत. साहेब डोळे मिटून काही पुटपुटत होते. रामरक्षा असेल म्हणून वाकून ऐकले, तर कायद्याची कलमे!

मग आत एक बारीक रडणे उठले. साहेब केवढ्याने दचकले! "काय झालं? काय झालं?"

"पोरगी व्हयनी साहेब, पोरगी!" बाप हसत होता की रडत, कळेना.

पुढे त्यांची बदली झाली. कुठे, ते कळले नाही. आता माझ्या नोकरीत टेबलावर मुठी आपटणारे शूर साहेब पुष्कळ भेटतात. अशा वेळी वाटते, यांच्यात एखादा तरी भित्रा असायला हवा होता. आमच्या वस्तीतली बाई त्या दिवशी पहिल्यांदा दवाखान्याच्या आत, खाटेवर बाळंत झाली. आणि मायलेकी दोघी जगल्या.