होडीचा हिरवा दिवा आणि वेंगुर्ल्याचे पाहुणे

आमच्या बाबांना लाँचीचे दिवे फार आवडायचे. डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा. मालवणच्या बंदरात एकदा पाहून आले, तेव्हापासून आमच्या होडीला तसलेच दिवे हवेत म्हणून त्यांनी घरात सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. होडी ती केवढी! खाडीपलीकडून तोंडवलीत माणसं आणायची. सहाजण बसले की सातव्याने श्वास आत ओढूनच बसावं.

साठ सालच्या सुमाराची गोष्ट. वेंगुर्ल्याचे पाहुणे मला बघायला येणार होते, नवरामुलगा आणि त्याचा मामा. संध्याकाळच्या एसटीने ते पलीकडे उतरणार, म्हणजे काळोख पडणारच. आणि मला तो मुलगा हवा होता. सरळच सांगते, लाजायचं वय गेलं आता. जत्रेत खाजं विकत घेताना एकदा दिसला होता, तेव्हापासून माझं कशातच लक्ष नव्हतं.

"एक कंदील पुरो झालो," मी बाबांना म्हटलं. "मागे, खाली ठेवा. डोळ्यार येवचो नाय."

"पावणे येतत नि एक कंदील? शोभता काय?"

मग म्हणे शेजाऱ्यांची गॅसबत्ती आणूया. मी म्हटलं, आणा, त्या उजेडापुढे पाणी दिसायचं नाही, पाहुणे सरळ वाळूवर चढवाल. शेवटी चतुर्थीच्या मखराचा उरलेला जिलेटीन कागद निघाला. एका कंदिलाला तांबडा गुंडाळला, दुसऱ्याला हिरवा. बाबा खूश! अर्ध्या खाडीत तांबडा कागद पेटला. तो कंदील विझवून बाबा एकट्या हिरव्यावर पुढे गेले.

आता आमच्याकडे काळोखात एकटाच दिवा घेऊन फिरतं ते भूत म्हणजे देवचार, हे शेंबडं पोरही सांगेल. काठावरच्या मामांनी पाण्यावरून सरकत येणारा हिरवा दिवा पाहिला आणि ओरडले, "कोण आसा रे थंय?" बाबांच्या तोंडात तमाखूचा बार. ते नुसतेच "हूंऽऽ" म्हणाले. झालं! मामांनी भाच्याचं मनगट धरलं आणि थेट एसटीच्या थांब्यावरच्या चहाच्या दुकानात धूम ठोकली.

बाबा रिकामी होडी घेऊन परत आले. "पळाले गो," म्हणाले आणि मटकन खाली बसले. सकाळच्या गाडीने पाहुणे परत गेले की स्थळ गेलंच. वर आमच्या होडीवर देवचार बसतो ही बोंब सगळीकडे होणार. रडू येत होतं, पण रडण्याआधी माझं डोकं फिरलं.

नेसलेल्या नव्या लुगड्यानिशी, केसांत अबोलीचा वळेसर तसाच ठेवून, मी साधा कंदील उचलला आणि होडीत जाऊन वल्हं धरलं. बाबा "अगो, अगो" करत मागून चढले. पलीकडे उतरून मी तरातरा दुकानात शिरले. कंदील छातीशी, उजेड खालून तोंडावर. देवचार परवडला, ही हडळ कुठून आली, असं मामांना वाटलं असणार. ते बाकावर उकिडवे बसून मोठ्याने रामनाम घ्यायला लागले.

"मामानू, हडळीचे पाय उलटे असतत ना?" मी ओरडले. "मगे बघा तर!" लुगडं घोट्यापर्यंत उचललं आणि कंदील खाली धरला. "नीट बघा! सुलटे काय उलटे?"

चहावाला किटली हातात धरून तसाच उभा. बाबा दारात, तमाखू गिळून बसलेले. मामांनी डोळे घट्ट मिटलेले. मुलगा मात्र उठला, पुढे आला, वाकला आणि माझे दोन्ही पाय सावकाश बघून घेतले. मेल्याला घाई म्हणून नव्हती.

"सुलटे आसत, मामा," तो म्हणाला. "आता घराकडे जावन आणि काय बघूचा रवला? माका चेडू पसंत आसा."